पदवी आणि दंडुका



वसंतातल्या संध्याकाळी काव्यशास्त्रविनोद ऐकण्याची आपल्याला सवय आहे. अशा वेळी पोलीस, कचेरी आणि तुरुंग यांची कथा घेऊन मी आपल्यापुढे उभा आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. निमित्त असे झाले की, माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांचा मुलगा नुकताच बारावी झाला. अमेरिकेत 'क्रिमिनल जस्टिस' नावाची एक पदवी मिळते, असे त्याच्या कानावर आले. गृहस्थ मला म्हणाले, "अहो, चोर पकडायला पदवी कशाला हवी? छाती भरली, पळता आले, की झाले!" त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मला नीट देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

प्रारंभीच एक गंमत सांगतो. पोलिसांच्या संदर्भात 'डिग्री' म्हटले की आपल्याकडे 'थर्ड डिग्री' आठवते. ही शब्दयोजनाही अमेरिकेतूनच आलेली आहे. तेथे 1931 साली विकरशॅम आयोगाने आपले अहवाल प्रसिद्ध केले. कायदा राबविणारेच कायदा कसा मोडतात आणि मारहाण करून, झोपू न देऊन कबुलीजबाब कसे मिळवतात, याचे वर्णन त्यांतील एका अहवालात होते. त्याच आयोगाचा पोलीसविषयक अहवाल ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाला, ते ऑगस्ट व्होल्मर हे या पदवीचे एक आद्य प्रवर्तक. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. तिसरी डिग्री घालवायची असेल, तर पहिली द्यावी लागते!

हे व्होल्मर मूळचे टपाल वाटणारे गृहस्थ. शालेय शिक्षण बेताचेच. 1905 साली कॅलिफोर्नियातील बर्कले गावाने त्यांना पोलीसप्रमुख म्हणून निवडून दिले. स्वतः फारसे न शिकलेल्या या माणसाने 1916 साली तेथील विद्यापीठात पोलिसांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले आणि पुढे आपल्या दलात महाविद्यालयीन तरुण भरती केले. लोकांनी थट्टा केली. पण विद्येचे मोल तिला मुकलेल्याला अधिक कळते, हे आपणां महाराष्ट्रीयांना मी सांगायला नको. 1930 साली सॅन होजे येथील महाविद्यालयात पोलीसशिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू झाला. 1967 साली राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाने, अंतिमतः प्रत्येक पोलीस पदवीधर असावा, असे ध्येय मांडले. 1968 च्या कायद्याने शिकणाऱ्या पोलिसांच्या शुल्कासाठी सरकारी पैसा आला आणि असे विभाग गावोगाव निघाले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. ही पदवी मिळवायची तर काय काय करावे लागते? साधारणपणे 120 क्रेडिटे पुरी करावी लागतात. आठवड्याला तीन तासांचा, एका सत्राचा विषय म्हणजे तीन क्रेडिटे. तेव्हा सुमारे चाळीस विषय आणि चार वर्षे झाली. सरासरी 'सी' श्रेणीच्या खाली गेलेली चालत नाही. पण मौज पुढेच आहे. या 120 पैकी प्रत्यक्ष गुन्हा व न्याय या विषयांची क्रेडिटे बहुधा 30 ते 45 एवढीच असतात. बाकीच्यांत निबंधलेखन, इतिहास, गणित, एखादे विज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, भाषा आणि आवडीचे विषय. आमचे गृहस्थ म्हणतील, "म्हणजे निम्म्याहून अधिक वेळ वायाच!" मी म्हणतो, पदवीचा खरा कस तेथेच आहे.

दोन उदाहरणे देतो. मानसशास्त्र घ्या. 1989 पासून अमेरिकेत डी. एन. ए. चाचणीने अनेक कैदी निर्दोष ठरून सुटले. त्यांतील बहुतेक खटल्यांत प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदाराने भलताच माणूस ओळखला होता. ही माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांची स्मृती त्यांना फसवत होती. स्मृती कशी घडते व कशी बिघडते, हे न शिकलेला अंमलदार साक्षीदारापुढे संशयितांची रांग उभी करील, तेव्हा नकळत एखाद्या निरपराध्याचे आयुष्य उद्ध्वस्त करील.

आता गणित घ्या. संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र हे विषय या पदवीला सहसा सक्तीचे असतात, आणि विद्यार्थी सर्वांत जास्त घाबरतात तेही त्यांनाच. अमेरिकेत 1930 पासून पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे देशभर मोजले जातात. 1970 नंतरच्या दशकात घरोघर जाऊन, तुमच्यावर काही गुन्हा घडला का, असे विचारण्याची दुसरी मोजणी सुरू झाली. दोन्ही आकडे जुळत नाहीत, कारण कितीतरी लोक पोलिसांकडे जातच नाहीत. गुन्ह्यांची नोंद वाढली, याचा अर्थ गुन्हे वाढले की लोकांचा पोलिसांवरील विश्वास वाढला? हा प्रश्न विचारता येणे, हीच विद्या.

मुख्य विषयांचे तीन खांब आहेत: पोलीस, न्यायालय आणि तुरुंग. त्यांच्या जोडीला गुन्हा का घडतो याचा विचार, घटनात्मक हक्क, नीती, आणि अखेरीस पुष्कळ ठिकाणी एखाद्या कार्यालयात उमेदवारी. एकाच विद्यार्थ्याला तिन्ही दारांतून आत नेणे, हे या पदवीचे वैशिष्ट्य. पोलिसाला तुरुंग आतून ठाऊक नसतो. न्यायाधीशाला पोलीसचौकीतली रात्र ठाऊक नसते. 1997 साली फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाने एक पाऊल पुढे टाकले. विद्यार्थी आणि कैदी यांनी तुरुंगातच एका वर्गात बसून शिकायचे, असा उपक्रम तेथे सुरू झाला. 'गुन्हेगार' हा शब्द मग पुस्तकातला राहत नाही. त्याला चेहरा येतो.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरकारी पैशाच्या पुरात निघालेले पुष्कळ अभ्यासक्रम उथळ निघाले. 1978 साली एका राष्ट्रीय समितीने त्यांच्यावर कडक टीका केली. पोलीस प्रशालेत शिकवतात तेच कवायती ज्ञान निवृत्त अंमलदार पुन्हा शिकवीत होते आणि त्याला पदवी म्हटले जात होते. आणि 1967 चे ते ध्येय? आजही तेथील बहुसंख्य पोलीसदले शालान्त शिक्षणावरच माणूस घेतात. पदवीने माणूस आपोआप सज्जन होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. शिकलेले निर्दय आपण पाहिलेले आहेत.

हे सर्व दूरदेशीचे झाले. आपल्याशी याचा संबंध काय? आपल्याकडे शिपाई बारावीवर भरती होतो. 1 जुलै 2024 पासून नवी फौजदारी संहिता अमलात आली. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे तिने सांगितले आणि ते लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली. गांधीनगरच्या न्यायवैद्यक विद्यापीठाला 2020 साली राष्ट्रीय दर्जा मिळाला. यंत्रे येतील, प्रयोगशाळा येतील. पण 2022 सालच्या राष्ट्रीय अहवालाप्रमाणे आपल्या तुरुंगांतील दर चार माणसांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता! त्या तिघांचे भवितव्य कुणाच्या तरी लेखणीवर, कुणाच्या तरी पंचनाम्यावर अवलंबून असते. ती लेखणी कुणी व कशी घडवली, हा तुमचा-माझा प्रश्न आहे.

म्हणून त्या मुलाला मी आता असे सांगेन: बाळ, ही पदवी जरूर घे. पण विद्यापीठ निवडताना तेथे बंदूक कितव्या वर्षी हातात देतात, हे विचारू नकोस. तेथे संख्याशास्त्र सक्तीचे आहे का, मानसशास्त्र आहे का, तुरुंगाचे दार आतून दाखवतात का, एवढे विचार. डॉक्टर चुकला तर शरीर जाते. तू चुकलास तर माणसाचे स्वातंत्र्य जाईल, अब्रू जाईल, त्याची मुलेबाळे रस्त्यावर येतील. दुसऱ्याच्या हातात बेडी घालण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने आधी स्वतःच्या खात्रीवर शंका घेण्याची विद्या शिकली पाहिजे. 120 क्रेडिटांचे सार माझ्या मते एवढेच आहे.