वर्गणी, परवाना आणि किल्ली
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त सुरत येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



सुरत शहर आणि परवाना यांचे नाते फार जुने आहे. सुरत म्हटले की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही साले प्रथम आठवतात. परंतु या बंदराच्या इतिहासात १७१७ हे सालही अर्थपूर्ण आहे. त्या वर्षी बादशहा फर्रुखसियर याने ईस्ट इंडिया कंपनीला फर्मान दिले. वर्षाला १०,००० रुपये भरावेत आणि सुरतेच्या जकातीतून मुक्त राहावे, अशी सवलत कंपनीला त्यातून मिळाली. बंगालसाठी हीच रक्कम ३,००० रुपये होती. ही एक प्रकारची वार्षिक वर्गणीच होय. बंगालमध्ये कंपनीच्या मालासोबत तिचे ‘दस्तक’ चाले. ते कंपनीच्या मालापुरते होते. पण कंपनीचे नोकर ते आपल्या खाजगी व्यापारासाठी वापरू लागले, इतर व्यापाऱ्यांना पैसे घेऊन देऊही लागले. नबाब मीर कासीम याने त्यास हरकत घेतली आणि हा वाद चिघळत १७६४ मध्ये बक्सारच्या रणांगणापर्यंत गेला.

परवाना कोणाच्या नावे आहे, किती मालापुरता आहे आणि किती मुदतीचा आहे, हे तीन प्रश्न त्या दस्तकाने उभे केले होते. ग्रंथालयाच्या कार्यालयातील संगणकावर जी प्रणाली चालते, तिच्या परवान्यापुढेही नेमके हेच तीन प्रश्न आहेत. शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालये आपली सूची, सभासदांची नोंद आणि देवघेव संगणकावर आणू लागली आहेत. यास्तव हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. तो कार्यकारी मंडळाचा आणि वर्गणीदारांचाही झाला आहे.

ग्रंथालयाच्या माणसाला हा विषय परका वाटण्याचे वस्तुतः कारण नाही. ग्रंथालय शंभर वर्षे वर्गणी घेतच आले आहे. सभासद अनामत भरतो, वर्गणी देतो, पुस्तक घरी नेतो आणि मुदतीत परत करतो. पुस्तक त्याचे होत नाही. ते वाचण्याची अनुमती त्याला मिळते. त्याचा सभासद क्रमांक शेजाऱ्याने वापरावयाचा नसतो. मात्र प्रकाशकासमोर ग्रंथालयाची भूमिका वेगळी असते. तेथे ते वर्गणीदार नसून मालक असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पुस्तकाची प्रत एकदा रीतसर वितरित झाली की तिच्या पुढच्या प्रवासावर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. ती प्रत शंभर वाचकांना देता येते, जीर्ण झाल्यास बांधून घेता येते, दुसऱ्या संस्थेला दान करता येते. सार्वजनिक ग्रंथालय नावाची संस्था या एका हक्कावर उभी आहे.

संगणक प्रणालीच्या बाबतीत हे नाते उलटते. तेथे ग्रंथालयच वर्गणीदार होते. पैसे मोजून मिळते ती प्रणाली नव्हे, तर ती ठरावीक संगणकांवर आणि बहुधा ठरावीक काळ वापरण्याची अनुमती. त्या अनुमतीची खूण म्हणजे ‘अॅक्टिव्हेशन की’, अक्षरांची व अंकांची एक ओळ. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींत ती २५ चिन्हांची असते. ही किल्ली संगणकात भरली की संगणक ती, आपल्या यंत्रभागांच्या काही ओळखखुणांसह, इंटरनेटवरून कंपनीकडे पाठवितो. तेथील संगणक आपल्या नोंदीत पाहतो: ही किल्ली खरोखर दिली गेली होती काय, किती यंत्रांवर आधीच चालू आहे, मुदत संपली काय? उत्तर समाधानकारक असेल तर प्रणाली उघडते. थोडक्यात, दूर कोठेतरी एक न दिसणारा ग्रंथपाल देवघेवीची वही उघडून बसलेला असतो आणि किल्ली हा तेथील सभासद क्रमांक असतो.

परवान्यांचे प्रकार ध्यानात घेतले की पुष्कळ गोंधळ टळतो. नव्या संगणकाबरोबर येणारा परवाना सामान्यतः त्या यंत्राशी बांधलेला असतो. यंत्र भंगारात गेले की तोही संपतो. स्वतंत्रपणे घेतलेला परवाना बहुधा जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो, परंतु एका वेळी दोन्हींवर ठेवता येत नाही. संस्थेसाठी एकगठ्ठा घेतलेला परवाना संस्थेच्या संगणकांपुरता असतो. ‘काम ग्रंथालयाचेच आहे’ म्हणून कार्यवाहांच्या घरच्या संगणकावर तो चालविणे करारात तशी मुभा असेल तरच योग्य. शिक्षणसंस्थांना वा धर्मादाय संस्थांना मिळणारी सवलत त्या पात्रतेपुरतीच असते. आणि वर्गणीचा परवाना वर्गणी चालू असेपर्यंत.

या किल्लीचे कायद्यातील स्थान काय, हा प्रश्न एका मराठी उद्योगाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात पुण्यात संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायातून विषाणुरोधक प्रणाली तयार केली; तीच पुढे ‘क्विक हील’ म्हणून देशभर गेली. तबकडीवर प्रणाली आणि सोबत किल्ली, असा तिचा डबा गावोगावच्या दुकानांतून विकला जाई. किल्ली भरल्यावर ग्राहकाला मुदतीपर्यंत नव्या विषाणूंवरील अद्ययावत भर मिळत राही. ही भर म्हणजे सेवा होय, म्हणून सेवाकर भरावा, असे करखात्याचे म्हणणे होते. ५ ऑगस्ट २०२२ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांच्या खंडपीठाने ते मान्य केले नाही. तबकडी, किल्ली आणि पुढची भर यांचे तुकडे पाडता येणार नाहीत. हा वस्तू वापरण्याच्या हक्काचा व्यवहार असून तो विक्रीतच मोडतो, असा निर्णयाचा आशय होता. वाद जुन्या सेवाकराचा होता. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि करांची चौकट बदलली. तरीही या निर्णयातील एक गोष्ट सामान्य ग्राहकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. विकला जातो तो वापराचा हक्क, आणि त्या हक्काला सीमा असतात.

येथे प्रणाली तयार करणाऱ्याची बाजूही पाहिली पाहिजे. पुस्तकाची चोरटी प्रत काढावयाची तर कागद व छपाईचा खर्च येतो. प्रणालीची हजारावी प्रत फुकट निघते. पैसे देणारा आणि न देणारा यांच्यामध्ये केवळ ती किल्ली उभी असते. मराठी लेखकाचे पुस्तक छायाप्रती काढून वाटू नका, असे सभासदांना सांगणाऱ्या ग्रंथालयाने कार्यालयात फोडलेल्या कुलपाची प्रणाली वापरणे शोभणारे नाही. ते बेकायदाही आहे. प्रत चोरटी आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरणे हा कलम ६३ ब अन्वये गुन्हा आहे. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप मोडणाऱ्यास २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ अ अन्वये दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाजारात नाममात्र किमतीत मिळणाऱ्या किल्ल्या तर अधिक फसव्या. त्यांपैकी कित्येक दुसऱ्याच संस्थेच्या एकगठ्ठा परवान्यातून बाहेर पडलेल्या असतात, आणि कंपनीने त्या रद्द केल्या की प्रणाली थांबते. कुलूप उघडले म्हणजे घर आपले झाले, असे नव्हे.

कायद्याने ग्रंथालयाला काही मोलाच्या सवलतीही दिल्या आहेत. रीतसर मिळविलेल्या प्रणालीची राखीव प्रत हानीपासून संरक्षणापुरती ठेवता येते. ना-नफा ग्रंथालयाने रीतसर मिळविलेली प्रत नफ्याविना उसनी दिली, तर ते ‘व्यापारी भाडे’ ठरत नाही, असेही २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. परंतु अडचण अशी की, किल्ली एखाद्या खात्याशी वा यंत्राशी बांधली गेली की उसने देण्याजोगे हाती काही उरतच नाही. कायद्याने उघडे ठेवलेले दार कुलपाने बंद होते.

हाच प्रकार पुस्तकांपर्यंतही पोहोचला आहे. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने ग्रंथालयांना दिलेले ई-पुस्तक २६ वेळा वाचकांकडे गेले की परवाना संपेल, असा नियम केला. २००९ मध्ये अॅमेझॉनने वाचकांनी विकत घेतलेली ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी, विक्रेत्यास हक्क नव्हता या कारणाने, त्यांच्या किंडल यंत्रांतून दूरवरून काढून घेतली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांचे पैसे परत झाले. पुस्तके मात्र गेली. सुरतेच्या हिरे-कारखानदारास ही व्यवस्था नवी नाही. कच्च्या हिऱ्याचा अंतर्भाग दाखविणारे यंत्र कारखान्यात असले, तरी त्या तपासणीचा आकार खड्यागणिक द्यावा लागतो. पण हिरा तरी कारखानदाराचाच राहतो.

ग्रंथालयाचा हिरा म्हणजे त्याची नोंद. सभासदाची वर्गणी थकली तर पुस्तक परत करावे लागते. त्यातून वहीत उतरवून घेतलेली टिपणे मात्र त्याचीच राहतात. वर्गणीच्या प्रणालीत ही टिपणेही अडकू शकतात. शंभर वर्षांची दाखल-नोंदवही, दुर्मीळ ग्रंथांची सूची, देणगीदारांची नावे हे सारे एकाच कंपनीच्या प्रणालीत, तिच्याच विशिष्ट स्वरूपात आणि तिच्याच दूरस्थ संगणकावर असेल, तर वर्गणी थकल्यावर ग्रंथालय आपल्याच सूचीच्या दाराबाहेर उभे राहील. कपाट भाड्याने आणण्यास हरकत नाही. आतले ग्रंथ भाड्याचे असू नयेत.

यास्तव काही पथ्ये पाळावीत. परवाना संस्थेच्या नावे घ्यावा, कोणा उत्साही कार्यकर्त्याच्या खाजगी ईमेलवर नव्हे; व्यक्ती बदलतात, संस्था राहते. प्रत्येक परवान्याची दाखल-नोंदवहीप्रमाणे नोंद ठेवावी: पावती, संगणकाचा क्रमांक, मुदतीची तारीख. दान म्हणून आलेल्या संगणकासोबत त्याचा परवाना येतो की नाही, हे विचारून घ्यावे. करार करण्यापूर्वी, ‘वर्गणी बंद केल्यास आमची नोंद कोणत्या स्वरूपात परत मिळेल?’ हा प्रश्न लेखी विचारावा. सर्व नोंदी ठरावीक काळाने कोणत्याही प्रणालीत उघडतील अशा साध्या स्वरूपात उतरवाव्यात. सूचीची छापील प्रतही असावी. जेथे शक्य असेल तेथे मुक्त प्रणालीचा विचार करावा. न्यूझीलंडमधील एका छोट्या ग्रंथालयासाठी १९९९ च्या सुमारास तयार झालेली ‘कोहा’ ही प्रणाली कोणालाही विनापरवानाशुल्क वापरता येते आणि भारतातही अनेक ग्रंथालये ती वापरतात. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. अर्थात, ती सांभाळणारा जाणता माणूस लागतो. त्याचे मानधन हाच तिचा खरा खर्च.

पहिल्या पिढीने वर्गणी गोळा करून पुस्तके विकत घेतली, म्हणून ती आजच्या वाचकाच्या हाती पडतात. त्यांनी ती भाड्याने आणली असती, तर शताब्दीच्या दिवशी कपाटे रिकामी असती. पुढील शतकात साधने बदलतील, परवाने येतील आणि संपतील. त्या प्रत्येक वेळी ग्रंथालयाची नोंद ग्रंथालयाच्याच हाती असावी, एवढी दक्षता आजच्या विश्वस्तांनी आणि सभासदांनी घेतली, तर दुसऱ्या शताब्दीला येणारा वाचकही येथे आपले पुस्तक शोधू शकेल.