होते की असावे?



गेल्या हिवाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यातल्या एका शाळेने मला बोलावले होते. विषय त्यांनीच दिला होता : डायनासोर. मी पडलो प्राणिशास्त्राचा माणूस. नुसते बोलण्यापेक्षा मुलांना काही दाखवावे म्हणून बी.बी.सी.ने २०२५ साली नव्याने केलेल्या ‘वॉकिंग विथ डायनासोर्स’ या अनुबोधपट-मालिकेचा पहिला भाग बरोबर नेला. पडद्याच्या जागी गुरुजींचे पांढरे धोतर लावले, खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या, आणि इंग्रजी निवेदन मी मराठीतून सांगत गेलो. भागाची नायिका म्हणजे ट्रायसेराटॉप्स या तीन शिंगांच्या डायनासोरचे एक पोरके पिल्लू. त्याचे नाव क्लोव्हर. त्याच्या मागावर टायरॅनोसोर, आणि पोरे श्वास रोखून बसलेली. भाग संपला, सतरंज्या निघाल्या, तेव्हा सहावीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, त्या पिल्लाचं नाव क्लोव्हर होतं हे हाडं खणणाऱ्यांना कसं कळलं?”

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. अर्ध्या तासापूर्वी मीच ना ते नाव तिला सांगितले होते, ज्या सुरात टायरॅनोसोरला तीक्ष्ण दात होते असे सांगितले त्याच सुरात! दातांना हाडांचा पुरावा आहे, नावाला नाही. तिने ते कसे ओळखावे?

या मालिकेविषयी मला बरेच जण विचारतात, जुनी चांगली की नवी? जुनी म्हणजे १९९९ सालची. तिचेही भाग सहाच. केनेथ ब्राना यांचे निवेदन. पडद्यावर एकही शास्त्रज्ञ नाही, कोणी काही समजावून सांगत नाही. वाघसिंहांवरचा एखादा अनुबोधपट असावा तसे हे प्राणी चरतात, शिकार करतात, मरतात. काही ठिकाणी संगणकाने काढलेली चित्रे, काही ठिकाणी यंत्राने हलणारी बाहुली, आणि मागे चिली, न्यूझीलंड, टास्मानिया येथले खरेखुरे रान. मी ती वसतिगृहात, एका मित्राच्या संगणकावर पाहिली. आठ जण एका खाटेवर बसून. तेव्हा जे वाटले ते आता नव्या मालिकेकडून मागणे म्हणजे आईच्या हातची भाकरी खाणावळीत मागण्यासारखे आहे. म्हणून तो हिशेब मी बाजूला ठेवतो.

चित्रांचे म्हणाल तर नवी मालिका पुढेच असणार. पंचवीस वर्षांत संगणक कुठल्या कुठे गेला. कातडीवरची धूळ, डोळ्यातले पाणी, सगळे दिसते. पण चित्र ठसठशीत असणे ही मोठी धोक्याची गोष्ट आहे, हे जुन्या मालिकेनेच शिकवले. तिच्यात लायोप्लुरोडॉन नावाचा एक समुद्री शिकारी (हा डायनासोर नव्हे) पंचवीस मीटर लांबीचा दाखवला होता. सापडलेल्या हाडांवरून तो सात मीटरांच्या आसपास भरतो. म्हणजे बैलाचा हत्ती केला. पहिल्याच भागात मगरीच्या गोतावळ्यातला पोस्टोसुकस आपली हद्द आखण्यासाठी मुताची धार सोडतो. तुम्ही कोंबडीला कधी धार सोडताना पाहिले आहे काय? कोंबडीला मूत्राशय नसते, मगरीलाही नसते. दोन्हीकडे नात्यात जे नाही, ते पोस्टोसुकसला कुत्र्याकडून उसने आणून दिले! परंतु पाहणाऱ्या मुलाला ते खरेच वाटले, कारण चित्र खरे वाटत होते.

एक चूक मात्र वेगळ्या जातीची आहे, आणि ती सांगताना आपल्याला फार लांब जावे लागत नाही. १९९९च्या मंडळींनी चित्रणासाठी मुद्दाम गवत नसलेली राने शोधली. डायनासोरांच्या काळी गवत उगवलेच नव्हते, असे तेव्हाचे शास्त्र सांगत होते. काम चोख होते. पुढे २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी तपासले होते दगड झालेले शेण, बहुधा प्रचंड अंगाच्या शाकाहारी डायनासोरांचे. उसाचे पाचट अंगाला कापते ना? त्या पानांत गारेसारख्या सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. पान कुजते, कण राहतात, आणि प्रत्येक कुळाच्या गवताचा कण निराळ्या घडणीचा. त्या शेणात असे कण निघाले, आणि तेही निदान पाच प्रकारच्या गवतांचे. म्हणजे डायनासोरयुगाच्या अखेरीस गवत होते. हे शेण सापडले पिसदुऱ्याला. आणि पिसदुरा याच वरोरा तालुक्यात, आमच्या त्या शाळेपासून जवळच आहे. मुलांना हे सांगितले तेव्हा टायरॅनोसोरच्या वेळी झाली नव्हती एवढी गडबड वर्गात झाली. जुन्या मालिकेचे पहिले भाग याने खोटे ठरत नाहीत, ते फार आधीच्या काळाचे आहेत. पण शेवटच्या भागातल्या उजाड जमिनीकडे मी आता शंकेनेच पाहतो.

लायोप्लुरोडॉनची लांबी ही हौस होती; गवत वगळणे ही त्या दिवसापर्यंतच्या ज्ञानाशी राखलेली इमानदारी होती. अनुबोधपट शिळा होणारच. पाहायचे ते हे की, शिळा झाल्यावर कोणता भाग खरवडून काढावा हे त्याने आपल्याला कळू दिले आहे की नाही.

आणि इथे नव्या मालिकेने एक चांगले केले आहे. प्रत्येक भागात ती आपल्याला उत्खननाच्या जागी नेते. कॅनडातला आल्बर्टोसोरस, पोर्तुगालमधला लुसोटायटन, मोरोक्कोतला स्पायनोसोरस. माणसे ऊन खात, ब्रशने माती झाडत बसलेली दिसतात. हाड केवढे, कुठे मोडलेले, हे दिसते. जुन्या मालिकेत याचा मागमूस नव्हता. काही प्रेक्षक तक्रार करतात की त्यामुळे गोष्टीचा धागा तुटतो. तुटू द्या की! माझी तक्रार उलटी आहे. खणण्याचे प्रसंग फारच आटोपते घेतले आहेत. हाड दिसते न दिसते तोच निवेदक बर्टी कार्व्हेल आपल्याला पुन्हा गोष्टीत ओढून नेतात, आणि त्या गोष्टीत क्लोव्हरसारखी लाडकी नावे आहेत, पोरकेपण आहे, शौर्य आहे.

मोरोक्कोचाच भाग घ्या. स्पायनोसोरसची शेपूट वल्ह्यासारखी चपटी होती. तिची हाडे सापडली, २०२० साली वर्णन छापले गेले. हे ‘होते’. पण मालिकेतला हा स्पायनोसोरस एकटा बाप आहे आणि जिवावर उदार होऊन पोरे वाढवतो. कल्पना टाकाऊ नाही. शहामृगाचा नर अंडी उबवतो, पिलांबरोबर हिंडतो. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज. म्हणून तसे ‘असावे’ एवढे म्हणता येईल. पण कुठल्याही हाडावर बापाची माया उमटलेली नसते. निवेदन मात्र शेपूट आणि माया एकाच दमात, एकाच ठाम सुरात सांगून मोकळे होते. माझ्या मते नव्या मालिकेचा खरा दोष हा. चित्रे कमी-अधिक देखणी असण्याशी त्याचा संबंध नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना म्हणून एक सुचवावेसे वाटते. हा भाग जरूर दाखवा; पण इंग्रजीचे मराठी तुम्ही करणार आहात, तेव्हा क्रियापद तुमच्या हाती आहे. दुसऱ्या दिवशी तोच भाग मी पुन्हा लावला. शिंगे होती. टायरॅनोसोर त्याच रानात होता. पिल्लू पोरके असावे. भ्याले असावे. नाव आपण ठेवले. मजा कमी होईल अशी मला धास्ती होती. तसे झाले नाही, पोरेच मधेमधे ओरडू लागली, “सर, हे कशावरून?” निम्म्या ठिकाणी मला उत्तर देता आले नाही, आणि गुरुजी मागे उभे राहून मजेत ते पाहत होते.

संध्याकाळी आम्ही पिसदुऱ्याच्या शिवारात गेलो. जीवाश्म उचलून घरी नेऊ नयेत. जागा टिपावी, जमले तर छायाचित्र काढावे, हे मुलांना आधीच बजावले होते. तरी एका मुलाने मुठीएवढा तांबूस गोळा उचलून माझ्यापुढे धरलाच. “सर, हे काय आहे?” मी फिरवून पाहिला. नुसत्या डोळ्यांनी खात्री देता येईना. म्हटले, “साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे शेण असावे.”

त्याने तो गोळा जिथून उचलला तिथेच ठेवला, आणि दोन्ही हात चड्डीला खसाखसा पुसले.