गणित शिकायला बॉनला जाताना
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी काकांनी मला 'परदेशी शिक्षण – मार्गदर्शन' असा विषय दिला आहे. मार्गदर्शन करण्याएवढी मी मोठी नाही. ज्या गच्चीवर बसून दहावीचा अभ्यास केला तिथेच आज माइक घेऊन उभी आहे, तेव्हा माझ्या बाबतीत काय काय झालं ते सांगते. त्यातलं कुणाच्या उपयोगी पडलं तर घ्या.

मी जर्मनीत बॉन विद्यापीठात गणितात मास्टर्स करते आहे. कोर्स दोन वर्षांचा, १२० क्रेडिटचा, शिकवणं इंग्रजीत. "गणितात मास्टर्स करून पुढे काय?" हे मला लिफ्टमध्ये निदान चाळीस वेळा विचारलं गेलंय. मला पुढे पीएच. डी. करायची आहे. तळमजला ते तिसरा मजला एवढ्या वेळात याहून जास्त सांगता येत नाही.

देश निवडताना आमच्या घरी पहिला प्रश्न पैशांचाच होता. अमेरिकेत गणिताला पदवीनंतर थेट पीएच. डी.ला घेतात आणि शिकवण्याच्या बदल्यात पगारही देतात. पण आपली तीन वर्षांची बी. एस्सी. बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि तिथे नुसतं मास्टर्स करायचं तर बहुतेक वेळा खर्च आपला. केंब्रिजचा 'पार्ट थ्री' एका वर्षात होतो. त्याची फी बघून बाबांनी लॅपटॉप मिटला. जर्मनीत बॉनला शिकवणी फी नाही. सहा महिन्यांची वर्गणी तीनशे युरोंच्या घरात. मात्र "जर्मनीत सगळं फुकट" हे आता खरं नाही हं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठात मास्टर्सला ४,००० ते ६,०००. प्रत्येक ठिकाणचं वेगळं बघावं लागतं.

टी. वाय.ला असताना मी पहिल्यांदा अर्ज केले. मार्क चांगले होते, त्यामुळे मी निर्धास्त होते. मार्कांचं गणित तिकडे एका सूत्राने होतं. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि पास यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. दहापैकी ८.५ असतील आणि पासिंग ४ ला असेल तर १.७५ येतं. तिकडे १ म्हणजे सर्वांत उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आता गंमत बघा, पासिंग ४ ऐवजी ५ धरलं तर त्याच ८.५ चे १.९ होतात! म्हणून गुणपत्रिकेच्या मागे छापलेला तो बारीक तक्ता जपून ठेवा.

एवढं करून एका विद्यापीठाचा नकार आला, आणि तो मार्कांसाठी नव्हता. त्यांच्या पदवीला जेवढं ॲनालिसिस आणि अल्जिब्रा होतं तेवढं माझ्याकडे नाही, असं लिहिलं होतं. मी दोन दिवस जेवले नाही, हे आई इथे बसली आहे म्हणून कबूल करते. मग त्यांची विषयांची पुस्तिका उतरवून घेतली आणि आपल्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवली. त्यांचं म्हणणं खरं होतं. मेझर थिअरी मी शिकलेच नव्हते, गॅल्वा थिअरीचं नाव फक्त ऐकलं होतं. पहिला वर्ग असून मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

तेव्हा एक वर्ष थांबले आणि इथेच एम. एस्सी. भाग एकला प्रवेश घेतला. "बॅक लागली का?" असं काही जणांनी आईला विचारलं. त्या वर्षाने मला तारलं. जे विषय नव्हते ते झाले. दुसऱ्या अर्जाबरोबर प्रत्येक विषयाचं एकेक पान जोडलं, त्यात कोणतं पुस्तक, कोणती प्रकरणं, किती तास, हे सगळं. आणि त्यावर विभागप्रमुखांची सही-शिक्का. 'मला लहानपणापासून गणिताची आवड आहे' हे वाक्य अर्जातून काढलं आणि एम. एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये कुठे अडकले होते ते लिहिलं. या वेळी बॉनचं पत्र आलं.

इथे कॉलेजची मुलं बसली आहेत त्यांना एवढंच सांगते की एफ. वाय.पासून माधव स्पर्धा द्या, एम. टी. टी. एस.च्या उन्हाळी शिबिराला अर्ज करा. आपल्याला काय येत नाही ते तिथे लवकर कळतं.

आता कागदपत्रं. दिल्लीच्या एपीएसचं प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी लागतं. त्याला १८,००० रुपये आणि भरपूर धीर लागतो. त्यानंतर ब्लॉक्ड अकाउंट. एका वर्षाच्या राहण्या-खाण्याचे ११,९०४ युरो, म्हणजे साधारण बारा लाख रुपये, आधीच खात्यात भरायचे. तिकडे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो आपल्याच हातात पडतात.

एवढी रक्कम एकदम आमच्याकडे नव्हती. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. बाबा म्हणाले, फ्लॅट आहे ना! कपाटातून शेअर सर्टिफिकेट काढलं तर त्यावर नाव आजोबांचं. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली होती, नॉमिनी असलेली आजीही गेली होती. मेंटेनन्सची पावती बाबांच्या नावाने येते, म्हणून नावावर झालंच आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. बँकेने फाइल परत दिली. व्हिसाच्या मुलाखतीला पाच आठवडे उरले होते.

दोन्ही आत्यांचं हक्कसोड पत्र लागणार होतं. बाबांना फोन करायला जीव होईना. बहिणीला घरावरचा हक्क सोड म्हणून फोनवर कसं सांगायचं? शेवटी मीच केला. इंदूरची आत्या रात्रीच्या बसने आली, नाशिकची सकाळी. रजिस्ट्रार कचेरीत अंगठ्याचे ठसे, फोटो, सगळं झालं. मोठी आत्या बाहेर येऊन म्हणाली, "नापास झालीस तर हॉल माझा." ती हसत होती, बाबा हसले नाहीत. आणि महिनाअखेरच्या मीटिंगची वाट न बघता कमिटीने एका बुधवारी रात्री सेक्रेटरी काकांच्या घरी बसून ट्रान्सफर मंजूर केलं आणि बँकेसाठी एन. ओ. सी. दिली. काकूंनी पोहे केले होते. ते इतिवृत्तात नसतील, म्हणून इथे सांगते.

बॉनला दर आठवड्याला उदाहरणांची शीट असते. बऱ्याच विषयांत निम्मे मार्क मिळवल्याशिवाय परीक्षेलाच बसू देत नाहीत. माझ्या पहिल्या शीटला वीसपैकी चार मिळाले. त्या रात्री मला गॅल्वा आठवला नाही, आत्याचा हॉल आठवला. दुसऱ्या शीटला एका ब्राझीलच्या मुलीबरोबर बसले, अकरा मिळाले. पहिल्या सत्राचे तीन विषय सुटले, चौथ्याची फेरपरीक्षा मी परत गेल्यावर आहे.

माझ्या फाइलच्या झेरॉक्स आईकडे ठेवल्या आहेत. संध्याकाळी सातनंतर कुणीही या, मी रविवारपर्यंत आहे. आणि येण्याआधी घरचं शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे तेवढं बघून या.