बर्लिनच्या बाजारातली पोळी

आम्ही तिघी शिकायला जर्मनीत, बर्लिन शहरात गेलो. पहिला महिना पावावरच काढला. बाहेर खायचं तर पैशांचा हिशोब आडवा यायचा, आणि आत मांस आहे का हे विचारायला भाषा येत नव्हती.

मग विद्यापीठाची खानावळ सापडली. तिला मेन्झा म्हणतात. ओळखपत्र दाखवलं की विद्यार्थ्यांना स्वस्तात गरम जेवण मिळतं, शाकाहारीसुद्धा.

पण जीव रमला तो कालव्याकाठच्या मायबाखउफर बाजारात. तो मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो. तिथे तुर्की बाया बारीक लाटण्याने पातळ पोळी लाटतात, पालक आणि चीज भरून तव्यावर भाजतात. तिचं नाव ग्योझलेमे. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून कामगार जर्मनीत आले, त्यांच्या घरातलं हे खाणं.

आम्ही बोटाने पालक दाखवला. मावशींना लगेच कळलं. त्या दिवशी पोटभर जेवलो.

घरी लाटणं हातात घ्यायचा आम्हाला कंटाळा. तिथे त्याच कामापुढे रांग आणि रोख पैसे पाहिले. बायांनो, गटाचा हिशोब मांडताना आपल्या हातच्या भाकरीची किंमत कमी धरू नका.