अंगणातले रोप: तरोटा की कासविंदा?

मृगाच्या सरी पडून गेल्या की वर्ध्याकडच्या परसात, कुंपणाकडेला न पेरलेली रोपे उगवून येतात. त्यांतल्या जोडपानांच्या एका रोपाकडे बोट दाखवून घरातली आजी सांगते, "तरोटा आहे, भाजी करा." बहुतेक वेळा तिचे म्हणणे खरे असते. कोकणात जो टाकळा, तोच आपला तरोटा. पण त्याच जागी त्याचा एक भाऊबंदही उगवतो. त्याचे नाव कासविंदा. फुले दोघांचीही पिवळी. संध्याकाळी पाने मिटणे हीसुद्धा दोघांची सवय, म्हणून ती खूण उपयोगाची नाही.

मग ओळखायचे कसे? तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या सहसा तीन जोड्या असतात आणि त्यांची टोके गोलसर असतात. कासविंद्याला चार-पाच जोड्या असतात आणि टोके अणकुचीदार. तरोट्याच्या खालच्या जोड्यांच्या मध्ये बारीक गाठ दिसते. कासविंद्याची गाठ मात्र देठाच्या अगदी बुडाशी असते. कासविंद्याचा पाला चुरगळला की उग्र वास येतो. तरोट्याची शेंग लांब, बारीक आणि कोयत्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, कडेला फिकट पट्टी असलेली. एका खुणेवर विसंबू नये, दोन-तीन जुळवून पाहाव्यात.

एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी विचारील. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात दर हिवाळ्यात लहान मुले अचानक बेशुद्ध होऊन दगावत. बराच काळ तो मेंदूज्वर समजला गेला. 2007 साली डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, खेळताना खाल्लेल्या कासविंद्याच्या बियांची ती विषबाधा होती. यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर तिचा घाला पडतो. 2016 साली ओडिशातील मलकानगिरीतही अनेक बालमृत्यूंचा संबंध तज्ज्ञांनी याच झाडाशी जोडला. कासविंदा औषधात वापरतात, म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

याचा अर्थ आपोआप उगवलेले सारे उपटून टाकावे, असा नाही. 1935 साली याच वर्ध्यात गांधीजींनी रानात सहज मिळणाऱ्या पाल्याचे प्रयोग केले आणि 'हरिजन'मधून त्यावर लिहिले. गरिबाच्या ताटात फुकटची हिरवी भाजी यावी, ही त्यामागची तळमळ होती. ती भाजी सोडायची नाही. मात्र ओळख पटल्याशिवाय चुलीवर चढवायची नाही.

शंका असेल तर एखादे रोप फुला-शेंगांवर येऊ द्यावे, पण मुलांच्या हाती लागू देऊ नये. पान, फूल, शेंग असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी, सोबत जागा आणि तारीख लिहावी. मग ती जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना किंवा सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी. कासविंदाच निघाला, तर शेंगा धरण्याआधी मुळासकट उपटावा. आणि एखाद्या मुलाने त्या शेंगा खाल्ल्याचे कळले, तर उलटीची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे. जाताना झाडाची फांदी बरोबर घ्यावी. डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)