माणदेशाचे आवतण



१८९६ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात मिल्टन कारमायकेल नावाच्या एका पत्रकाराने आपल्या वृत्तपत्रात एक साधा विचार मांडला. सभा-परिषदांच्या निमित्ताने शहरात शेकडो माणसे आपसूक येतात. त्यांना कोणी मुद्दाम बोलावले, तर ती किती येतील? व्यापाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घेतली. ते एकत्र आले आणि गावोगाव फिरून शहराची महती सांगण्यासाठी त्यांनी एक माणूस पगारावर नेमला. नगर-पर्यटन कार्यालय म्हणून आज जगभर जी संस्था ओळखली जाते, तिचा आरंभ हा असा झाला.

म्हसवडकरांना ही कथा ऐकून कदाचित हसू येईल. ज्या गावी सिद्धनाथांच्या रथाला लाखोंचा समुदाय लोटतो, त्या गावाला पाहुणे कसे बोलवावेत हे डेट्रॉईटने काय शिकवावे? दिवाळीच्या पाडव्याला घट बसतात, तुळशीविवाहाच्या सुमारास नाथांचे जोगेश्वरीशी लग्न लागते आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला वरातीचा रथ निघतो. गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, ‘चांगभलं’चा गजर उठतो. महाराष्ट्रातूनच नव्हे, तर कर्नाटकातून आणि आंध्रातूनही कुळे येतात. यासाठी कोणी जाहिरात दिलेली नसते. तिथी पंचांगात असते आणि निमंत्रण घराण्याच्या कुळाचारात असते.

या निमंत्रणाचा पसारा किती दूरवर आहे, हे पाहायचे तर माणदेशाबाहेर जावे लागते. माण, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यातली हजारो माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. तमिळनाडू असो, केरळ असो की उत्तर भारत, सराफ बाजाराच्या एखाद्या बोळात भट्टीपुढे बसलेला माणूस बहुधा इकडचाच निघतो. त्याच्या दुकानात नाथांची तसबीर असते आणि वर्षातली सुट्टी यात्रेला बांधलेली असते. दुष्काळाने बाहेर काढलेल्या माणसांना देवाने वर्षातून एकदा परत बोलवावे, अशी ही व्यवस्था आहे. कोणत्याही पर्यटन महामंडळाला इतका विश्वासू प्रचारक पगार देऊनही मिळणार नाही.

मग अडते कुठे? अडते ते रथाच्या दुसऱ्या दिवशी. गुलाल धुतला जातो, पाले उठतात, बसगाड्या भरून निघतात आणि इतका मोठा समुदाय गावात येऊन गेला तरी उरलेले वर्षभर गाव पूर्ववत सातारा-पंढरपूर रस्त्यावरचा एक थांबा होऊन राहते. आलेल्या माणसाला आणखी एक दिवस थांबण्याचे कारण कोणी सांगितलेलेच नसते. आणि नगर-पर्यटन कार्यालयाचे खरे काम नेमके हेच असते. अशा कार्यालयाचे स्वतःचे हॉटेल नसते, दुकानही नसते. ‘इथे उतरलात, आता पुढे हे पाहा, असे जा, इथे जेवा’, एवढेच ते सांगते. पण ते नेमके सांगते, वेळेवर सांगते आणि खरे सांगते.

एक दिवस थांबलेल्या माणसाला या परिसरात काय दाखवता येईल? आधी राजेवाडीचा तलाव. १८७६-७७च्या भीषण दुष्काळानंतर माणगंगेवर तो बांधला गेला. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवर पाणी साठते आणि त्याचा लाभ मिळतो तो सांगोल्याच्या शेतीला. पाण्याचे राजकारण समजून घेण्यासाठी याहून बोलके स्थळ शोधून सापडणार नाही. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. पलीकडे आटपाडी तालुका. शेटफळे हे गदिमांचे, माडगुळे हे व्यंकटेश माडगूळकरांचे जन्मगाव; ‘बनगरवाडी’ वाचलेल्या माणसाला ते माळ, त्या मेंढ्या आणि ते आभाळ प्रत्यक्ष पाहता येते. याच तालुक्यात स्वतंत्रपूर आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संस्थानात १९३९ साली येथे कैद्यांची भिंतीवाचूनची वसाहत उभी राहिली आणि त्या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. त्याची कथा गदिमांची. चित्रपट देशाने पाहिला. गाव किती जणांनी पाहिले?

शिखर शिंगणापूर, गोंदवले आणि औंधचे संग्रहालय ही नावे सर्वांना ठाऊक आहेत, त्यांचा विस्तार नको. पण ती एका धाग्यात ओवली गेलेली नाहीत. गोंदवल्याचा भक्त गोंदवल्याहून परततो, शिंगणापूरचा कावडकरी शिंगणापूरहून. दोघांचेही रस्ते म्हसवडच्या आसपासून जातात.

सातारा जिल्ह्याचे पर्यटन म्हणजे महाबळेश्वर, पाचगणी आणि अलीकडे कास, ही समजूत पक्की झाली आहे. २०१७ साली भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ झाले, तेही त्याच पश्चिमेकडच्या पाऊसवाल्या पट्ट्यात. कल्पना उत्तमच होती. पण ज्या मातीने मराठीला माडगूळकर बंधू दिले, त्या मातीचा विचार ग्रंथांच्या निमित्ताने तरी कोणाच्या मनात यायला हरकत नव्हती! पूर्वेकडचा अर्धा जिल्हा शासकीय पत्रिकांत येतो तो टंचाईच्या नकाशावर.

तरी बदनामी ही कायमची नसते. १९७७ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावरून नुकतेच मागे फिरले होते, गुन्हेगारीसाठी कुप्रसिद्ध होते. त्याच वर्षी तेथील राज्य शासनाने पर्यटनाची मोहीम काढली आणि मिल्टन ग्लेझर या चित्रकाराने काढलेले, लाल हृदयाचे ते चिन्ह जगभर गेले. माणदेशाने मात्र आपला दुष्काळ झाकण्याची गरज नाही. तो दाखवावा, आणि त्याच्याशी माणसे कशी झुंजली तेही दाखवावे. २०१८ सालच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेत राज्यात पहिले आलेले टाकेवाडी हे गाव माण तालुक्यातले आहे. हिवरे बाजार पाहायला लोक दुरून जातात, ते तेथे डोंगर आणि बांधच पाहतात ना? खुद्द म्हसवडात १९९७ पासून माणदेशी महिला सहकारी बँक आहे. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर म्हणून पहिल्यांदा परवाना नाकारला गेला, तेव्हा त्या अक्षरे शिकल्या आणि ‘व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो’ म्हणून पुन्हा उभ्या राहिल्या. तिच्या संस्थापक चेतना सिन्हा २०१८ साली दाव्होसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षांपैकी एक होत्या. ही बँक पाहायला परदेशातून अभ्यासक येतात. त्यांना संध्याकाळी नाथांच्या देवळात नेऊन तेथील इतिहास सांगणारा, घोंगडी विणणाऱ्याच्या मागापाशी बसवणारा कोणी जाणकार गावाने तयार केला पाहिजे.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. जेथे गावालाच पाणी मोजून मिळत आले, तेथे पाहुणे कशाला? उरमोडी आणि टेंभू योजनांचे पाणी या पट्ट्यात काही भागांत पोहोचले आहे, तरी उन्हाळा तो उन्हाळाच. म्हणून महाबळेश्वरची नक्कल येथे करूच नये. तरणतलावाचे रिसॉर्ट माणगंगेच्या काठी शोभणार नाही, परवडणारही नाही. हंगाम दसऱ्यापासून माघापर्यंतचा, मुक्काम घरगुती, जेवण बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे माडगे. पाहुणे थोडे, पण दोन दिवस राहणारे. आणि ज्या नदीच्या पात्रातून रथ ओढला जातो, तिची वाळू उपसून आपण कोणते तीर्थ दाखवणार आहोत, हा प्रश्न जाहिरातीच्या आधी सोडवावा लागेल.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ पासून आहे, पण त्याने प्रत्येक गावी येऊन बसावे अशी वाट पाहू नये. नगरपालिका, देवस्थान, व्यापारी आणि महिला बँक यांनी मिळून बसस्थानकाजवळ एक खोली उघडली, तर आरंभ होईल. खोलीत एक नकाशा हवा, मुक्कामाच्या घरांची यादी हवी, आणि येणाऱ्याचे गाव, त्याचे कारण व मुक्कामाचे दिवस लिहून घेणारी एक वही हवी. आज यात्रेला लाखो येतात असे सगळेच म्हणतात. ते कोठून येतात आणि किती तास थांबतात, याची नोंद ठेवल्यावाचून कोणतीही योजना आखता येत नाही.

पहिले पत्र अर्थातच गलाई बांधवांच्या दुकानांना जावे. त्यांची मुले परप्रांतात जन्मली, तेथल्या शाळेत शिकली. ती यात्रेला येतात, पण देवळातली मराठी पाटी त्यांतल्या कित्येकांना अडखळतच वाचता येते. पाडव्याला घट बसण्यापूर्वी त्या पाटीशेजारी तमिळ, कन्नड आणि हिंदी मजकूर लागला, आणि रथाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजेवाडी-माडगुळे-स्वतंत्रपूर अशी एक गाडी देवळापासून सुटली, तर यंदाच्या कार्तिकात एवढे काम पुरेसे आहे.