अवधानाची उचल

(गेवराई येथील कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वाढदिवसाच्या फलकावरचा पुढाऱ्याचा चेहरा आता तरुणांच्या हातातील मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत, मागे गाणे आणि मोटारींचा ताफा, एवढ्या सामग्रीवर नेतृत्व उभे राहते असा समज रूढ झाला आहे. समाजवादी चळवळीतील होतकरू कार्यकर्तेही ‘स्वतःचा ब्रँड’ उभारण्याची भाषा बोलू लागले आहेत. म्हणूनच या भाषेची आर्थिक चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

माहितीची विपुलता झाली की अवधानाचे दुर्भिक्ष निर्माण होते, हे हर्बर्ट सायमन यांनी 1971 मध्येच दाखवून दिले होते. दुर्मिळ वस्तूला किंमत येते आणि किंमत आली की तिचे व्यापारी पुढे येतात. फेसबुक व इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीला 2023 मध्ये सुमारे 135 अब्ज डॉलरचे उत्पन्न झाले. त्यातील जवळजवळ 98 टक्के जाहिरातींचे होते. म्हणजे पाहणाऱ्याचे अवधान हा माल, चित्रफिती करणारा बहुधा बिनपगारी श्रमिक आणि वरकड मूल्य कंपनीच्या तिजोरीत, असा हा व्यवहार आहे.

ऊसतोड कामगारांच्या या जिल्ह्यात उचल म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. हंगामापूर्वी मुकादम रक्कम हातावर ठेवतो आणि ती फिटेपर्यंत नवरा-बायको फडात राबतात. ‘लाइक’ ही तशीच उचल आहे. ती घेतली की उद्या अधिक भडक बोलावे लागते, परवा जातीचा अभिमान चेतवावा लागतो. अखेरीस कार्यकर्ता प्रश्नाशी नव्हे, तर प्रेक्षकांशी बांधला जातो.

साने गुरुजींनीही समाजाचे लक्ष वेधलेच होते, असा आक्षेप कोणी घेईल. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी मे 1947 मध्ये त्यांनी उपोषण केले. पण त्याआधी कित्येक महिने ते गावोगाव हिंडले होते. लोकांची दृष्टी त्यांनी वळवली ती स्वतःकडे नव्हे, देवळाच्या बंद दाराकडे.

2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. शासकीय समितीच्या पाहणीतील 82 हजारांहून अधिक महिलांपैकी 13 हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. अवधान अमाप मिळाले. परंतु खाड्याचा दंड आणि फडावरील शौचालयाचा अभाव हे प्रश्न केवळ अवधानाने सुटणारे नव्हेत. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली, ती ‘कोयता बंद’ची हाक आणि त्यामागोमाग झालेल्या वाटाघाटींमुळे.

मोबाईल त्याज्य मानण्याचे कारण नाही. पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात विखुरलेल्या मजुरांना जोडणारे इतके सुलभ साधन दुसरे नाही. त्यावर तोडणीचा दर सांगावा, मुकादमाचा हिशेब कसा तपासावा ते समजावावे, तक्रार कोठे करावी ते दाखवावे. मात्र चित्रफीत पाहून लोकांच्या तोंडी कार्यकर्त्याचे नाव राहिले आणि मजुरीचा दर राहिला नाही, तर ते श्रम कंपनीच्या खाती जमा झाले असे समजावे. दसऱ्यानंतर टोळ्या गाव सोडतील. त्यापूर्वी प्रत्येक वस्तीवर जाऊन सभासद नोंदणी पुरी करणे, हे या शिबिराचे पहिले काम आहे.